रेंज कुणाच्या बापाची?

मार्च 2020 ला शाळांना कुलपं लागली. सरकार म्हणालं, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू.' कुणाचं सुरू? सणसरला आमच्या घरात फोन एकच. तो सकाळी बापाबरोबर कामावर जायचा. रात्री परत यायचा तोवर तास संपलेला, नेटपॅकही संपलेला.

पण दुसरी बाजूही लिहितो. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर धरला आणि अडलेलं गणित सुटलं. यूट्यूबवरच्या मास्तरनं आडनाव विचारलं नाही. कळलं नाही की व्हिडिओ मागं घ्यायचा, पुन्हा बघायचा. कुणी फिदीफिदी हसत नाही. शेवटच्या बाकावर बसलेल्याला याची किंमत कळते.

म्हणून मी यंत्राला शिव्या घालणार नाही. 1927 ला महाडात बाबासाहेबांचं भांडण पाण्याशी नव्हतं, तळं अडवणाऱ्यांशी होतं. आज तळ्याच्या जागी नेट आहे. ज्याच्या खिशात पैसा, त्याचीच ओंजळ भरते. भवानीनगर कारखान्याचा ऊस तोडणाऱ्यांच्या कोपीतलं पोर काठावरच उभं!

मित्रांनो, फुकटच्या टॅबवर खूश होऊ नका. वस्तीत अभ्यासिका मागा, तिथं संगणक, फुकट नेट आणि शिकवणारा जिवंत माणूस मागा. ॲप दाखवून शाळा काढून घ्यायला आले, तर दारात आडवे व्हा.