आगाऊ वर्गणी आणि विश्वस्तांचे कर्तव्य

अमरावतीच्या वेशीवरचे नांदगाव पेठ आता केवळ खेडे राहिलेले नाही. महामार्ग, औष्णिक वीजकेंद्र, कापडाचे कारखाने आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी पायाभरणी झालेले ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्यान यांनी त्याचे रूप पालटले आहे. कारखान्यांच्या मागोमाग तंटेही येतात. कोणाचा जमिनीचा मोबदला अडतो, कोणाचे बिल थकते, तर कोणाचा भाडेकरार मोडतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार व अल्प उत्पन्नाचे नागरिक यांस मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु उत्पन्नाची मर्यादा किंचित ओलांडणारा दुकानदार किंवा कास्तकार या छत्राबाहेरच राहतो.

अशा लोकांनी दरमहा थोडी वर्गणी आगाऊ भरावी आणि प्रसंग येताच त्या निधीतून त्यांस वकील मिळावा, ही कल्पना नवी नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने सभासदांच्या हक्कांच्या दाव्यांवर संघटनेचा निधी खर्चण्यास मुभा दिली होती. वर्गणी भरणारा कामगार उद्याच्या वकिलाची तजवीज आजच करून ठेवीत असे. नफा न घेणाऱ्या संस्थांनी असे निधी नांदगाव पेठेतही उभारावेत, असे आमचे मत आहे. पण वर्गणी भरल्यापासून वकील उभा राहीपर्यंत तो पैसा कोठे राहणार?

वर्गणीची रक्कम बँकेत साचलेली पाहून चालकांस ती शिल्लक वाटू लागते. वस्तुतः ते सभासदांचे देणे आहे, आणि दाव्याची तारीख व्याजाच्या मुदतीची वाट पाहत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ ने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थांचा पैसा अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांतच ठेवण्याचे बंधन घातले आहे. हे बंधन योग्यच आहे, परंतु पुरेसे नाही. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोख्यांसाठीच दलालांस पैसे दिले होते. शंभर कोटींहून अधिक रक्कम गेली आणि रोखे हाती आलेच नाहीत! न्यायालयाने सहा जणांस दोषी ठरविले ते डिसेंबर २०२३ मध्ये. गुंतवणुकीचे नाव सुरक्षित होते, व्यवहार सुरक्षित नव्हता.

ठेवविम्यावर विसंबणेही धोक्याचे आहे. २०२० मध्ये हे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले, पण ते एका बँकेतील एका ठेवीदाराला असते. निधीत पाचशे सभासदांचा पैसा असला तरी संस्थेच्या नावावरील खात्याचा ठेवीदार एकच!

म्हणून अशा निधीने आरंभीच काही दंडक घालून घ्यावेत. वर्षभराच्या अपेक्षित खर्चाइतकी रक्कम मागताक्षणी हाती येईल अशी ठेवावी. उरलेली एकाच बँकेत न ठेवता विभागावी. रोखे घेतल्यास ते संस्थेच्या स्वतःच्या खात्यात जमा झाल्याची खातरजमा करावी. चालकांशी वा त्यांच्या आप्तांशी संबंध असलेल्या पतसंस्थेत किंवा धंद्यात एक पैही गुंतवू नये. दरवर्षी तपासलेला हिशेब सभासदांपुढे मराठीत मांडावा.

अर्धा-एक टक्का व्याज कमी मिळाले तर संस्था बुडत नाही. परंतु ज्या दिवशी सभासद समन्स घेऊन दारी येतो, त्या दिवशी तिजोरी रिकामी निघाली, तर त्याच्या पैशाबरोबर न्यायावरील विश्वासही बुडतो. त्या विश्वासाचे रक्षण हेच विश्वस्तांचे पहिले कर्तव्य होय.