वजन बरोबर, तरी नाणं खोटं!

मैत्रिणींनो, चांदीचं नाणं घेताना आपण काय पाहतो? लक्ष्मीचं चित्र नीट उठलंय ना, आणि काट्यावर वजन बरोबर भरतंय ना. वजन भरलं की आपण निश्चिंत! मीही त्यातलीच होते.

गेल्या दिवाळीत थोरल्या वन्संनी माझ्या लेकीला २० ग्रॅमचं नाणं दिलं. घरात तेवढ्याच वजनाचं एक जुनं होतं. लक्ष्मीपूजनाला दोन्ही शेजारी मांडली, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे नवं जरा जाड दिसतंय गं!” काट्यावर टाकली, तर दोन्ही २० ग्रॅमच भरली. घेर सारखा, वजन सारखं, मग जाडीच तेवढी वेगळी कशी?

उत्तर लेकीच्या पाठ्यपुस्तकातच होतं. प्रत्येक धातूची घनता ठरलेली असते. घनता म्हणजे एका घन सेंटीमीटरचं वजन. शुद्ध चांदीची घनता साधारण १०.५ ग्रॅम, तांब्याची ९ च्या आसपास, पितळेची साडेआठच्या जवळपास, ॲल्युमिनियमची अवघी २.७. दिसायला चांदीसारखं, पण चांदीचा कणही नसलेलं ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. त्याची घनता ८.५ ते ८.८ च्या दरम्यान.

आता नाणं म्हणजे चपटी चकतीच. तिचं घनफळ काढायचं तर त्रिज्येचा वर्ग करा, त्याला ३.१४ ने गुणा आणि मग जाडीने गुणा. मात्र सगळी मापं सेंटीमीटरमध्ये हवीत, नाहीतर हिशेब फसतो! जाडी मोजायला साधी पट्टी चालत नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर मागून आणला.

नव्या नाण्याचा व्यास ३.६ सेंमी, म्हणजे त्रिज्या १.८. तिचा वर्ग ३.२४. त्याला ३.१४ ने गुणलं, १०.१७ आले. जाडी २.३ मिलिमीटर, म्हणजे ०.२३ सेंमी. घनफळ आलं २.३४ घन सेंमी. त्याला चांदीच्या १०.५ ने गुणलं, तर साडेचोवीस ग्रॅम! म्हणजे एवढं जाड नाणं चांदीचं असतं, तर साडेचोवीस ग्रॅम भरायला हवं होतं. भरलं वीसच. जुन्याची जाडी १.९ मिलिमीटर होती. त्याचा हिशेब वीस ग्रॅमच्या जवळ आला.

पण थांबा, लगेच कुणावर आळ घेऊ नका. नाण्याचा काठ उंच आणि मधला भाग खोल असेल, तर काठावर मोजलेली जाडी फसवते. घनफळ उगीच जास्त येतं आणि खरं नाणंही खोटं ठरतं. म्हणून पाण्याचा पडताळा घ्यावा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं हातानं धरा. तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवील, तेवढे घन सेंटीमीटर नाण्याचं घनफळ. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता हाती येते. जुन्या नाण्याला काट्याने १.९ दाखवले, नव्याला २.३. वीस भागिले २.३ म्हणजे ८.७. संशय फिटला!

आजीच्या डब्यातल्या रुपयांनाही हाच पडताळा लावून पाहा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात हजारी ९१७ भाग चांदी. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, वजन मात्र तेच. १९४७ चा रुपया तर निकेलचा. म्हणजे नुसत्या वजनावर राणीचा रुपया कोणता आणि निम्म्या चांदीचा कोणता, हे ओळखता येत नाही.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. या हिशेबाने खोटं पकडता येतं, खऱ्याची हमी मिळत नाही. शिसं चांदीहून जड आणि कथील हलकं, तेव्हा दोन्ही बेतानं मिसळली तर चांदीचीच घनता साधता येते. हमी हवी असेल तर हॉलमार्क पाहूनच घ्यावं, नाहीतर तपासणी केंद्रात दाखवावं.

आता राहिला खरा अवघड प्रश्न. वन्संना सांगायचं कसं? गप्प बसावं असंच वाटत होतं. भेटीच्या वस्तूची परीक्षा घेतली म्हणून त्या दुखावतील, ही धास्ती. पण पैसे त्यांचे बुडाले होते, आणि पुढच्या खणा-नारळाला त्या तिथूनच आणखी नाणी घेणार होत्या. शेवटी दोन्ही नाणी त्यांच्या हातावर ठेवली आणि वाटी-काटा पुढे करून म्हटलं, “वन्सं, तुम्हीच बघा.” त्यांनी स्वतः नाणं बुडवून पाहिलं. जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस, वहिनी. ओळखीचं दुकान म्हणून मी बिलसुद्धा घेतलं नाही गं.”

बिलच नाही, तर दुकानदाराला विचारणार कसं? ते पैसे गेलेच. तेव्हा मैत्रिणींनो, ओळख कितीही जुनी असो, शुद्धतेचा आकडा लिहिलेलं पक्कं बिल मागून घ्या. संकोच करू नका. ते नाणं आम्ही टाकलेलं नाही. लेक आता मैत्रिणींना त्यावरच घनफळाचं गणित शिकवते!