खेळांतील शब्द व त्यांचे अर्थ

विटीदांडूच्या डावांत दांडूनें अंतर मोजतांना आमच्याकडील मुलें 'वकट, लेंड, मूंड, नाल' असें म्हणत. हे शब्द मूळचे मराठी नव्हत. तेलुगूसारख्या दक्षिणेकडील भाषांतील एक, दोन, तीन, चार यांचींच तीं खेळतां खेळतां झिजलेलीं रूपें होत. बुद्धिबळांतील 'शह' व 'मात' हे फारशींतून आले. तेव्हां आजचीं मुलें व्हिडिओ गेममधील परके शब्द घरीं आणितात एवढ्यावरून भाषा बुडाली असा आक्रोश करणाऱ्या पालकांशीं आमचें मत जुळत नाहीं. खेळाबरोबर शब्द येणारच. आमची तक्रार निराळी आहे. शब्दाचा अर्थ पुसला असतां विद्यार्थी तसाच दुसरा एक शब्द पुढें करितो, आणि मुलगा हरला कीं जिंकला हेंही समोर जेवावयास बसलेल्या आईबापांस उमगत नाहीं.

वास्तविक यांतील बहुतेक शब्द सोपे आहेत. 'एच्. पी.' म्हणजे पात्राच्या अंगीं उरलेलें बळ. तें शून्य झालें कीं पात्र मेलें. 'स्पॉन' हा मासे व बेडूक यांच्या अंड्यांचा शब्द. खेळांत त्याचा अर्थ पडद्यावर उत्पन्न होणें, आणि 'रीस्पॉन' म्हणजे मरून पुन्हां उत्पन्न होणें. 'नर्फ' हें मऊ स्पंजाच्या खेळण्यांचें व्यापारी नांव आहे. खेळ रचणाऱ्यांनीं एखादें शस्त्र मुद्दाम दुबळें केलें म्हणजे तें 'नर्फ' झालें. 'ग्राइंड' म्हणजे तीच ती कामगिरी पुनःपुन्हां करून बळ सांठविणें. यास आपल्याकडे 'दळण' हा शब्द तयारच आहे, आणि तो इंग्रजीहून तिळमात्र उणा नाहीं.

'अवतार' हा शब्द तर आपल्याच घरचा. १९८५ सालच्या 'अल्टिमा' मालिकेंतील चौथ्या खेळांत शत्रूस मारून जय मिळत नसे. प्रामाणिकपणा, दया, नम्रता इत्यादि आठ सद्गुण आचरून खेळाडूस 'अवतार' ही पदवी मिळवावी लागे. पुढें पडद्यावर आपल्या वतीनें वावरणाऱ्या कोणत्याही आकृतीस तें नांव पडलें, आणि आतां आमचीं मुलें त्याचा उच्चार 'ॲव्हटार' असा करितात!

अवताराच्या उलट 'एन्. पी. सी.'. ज्या पात्रामागें कोणी खेळाडू नाहीं, जें यंत्रानें नेमून दिलेलीं दोनचार वाक्येंच बोलतें, असा दुकानदार, पहारेकरी वा वाटसरू म्हणजे एन्. पी. सी. खेळांत हा शब्द निरुपद्रवी आहे. परंतु २०१८ सालीं अमेरिकेंतील राजकीय भांडणांत तो जिवंत माणसांस उद्देशून शिवीसारखा वापरला गेला, आणि तेथून तो दूरदूरच्या शाळांच्या पटांगणांत पोहोंचला. वर्गांत कमी बोलणाऱ्या, साध्या कपड्यांतल्या मुलास जेव्हां कोणी एन्. पी. सी. म्हणून हांक मारितो, तेव्हां तो त्यास असें सांगत असतो कीं, तुझ्या आंत कोणी राहत नाहीं. 'मूर्ख' या शब्दाहून हा अपमान थोर आहे. शिक्षकांस व पालकांस अर्थ ठाऊक नसल्यामुळें तो त्यांच्यादेखत बिनबोभाट चालतो. नुसत्या कुतूहलापलीकडे हे शब्द समजून घेण्याचें आमच्या मतें मुख्य कारण हेंच होय.

'ईस्टर एग' या शब्दामागची हकीकत मात्र गोड आहे. अटारी कंपनी आपल्या खेळांवर रचनाकारांचीं नांवें छापीत नसे. वॉरन रॉबिनेट यांनीं 'ॲडव्हेंचर' या खेळांत एक गुप्त खोली करून तींत आपलें नांव लिहून ठेविलें. १९८० च्या सुमारास एका मुलानें तें हुडकून कंपनीस कळविलें. ईस्टरच्या सणांत रंगविलेलीं अंडीं लपवून मुलांकडून शोधविण्याची चाल आहे. तीवरून अशा लपविलेल्या गंमतीस हें नांव मिळालें. केलेल्या कामावर आपलें नांव असावें, ही इच्छा कोणत्या कारागिरास नसते?

'कॅनन' शब्दहि मंडळीच्या परंपरेंतूनच आला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मोजण्याची काठी. त्यावरून पवित्र शास्त्रांतील मान्य पुस्तकांच्या यादीस तो लागला. १९११ सालीं रोनाल्ड नॉक्स यांनीं शेरलॉक होम्सच्या कथांचें शास्त्रग्रंथांच्या धर्तीवर मिस्कील परीक्षण केलें, आणि पुढें त्या कथांसही कॅनन म्हणूं लागले. आज खेळांच्या विकींवर 'हा प्रसंग कॅनन आहे काय?' यावर चाहत्यांचीं तुंबळ युद्धें होतात. प्रश्न एवढाच, कीं ही गोष्ट मूळ कर्त्याची कीं चाहत्यानें मागाहून रचलेली? इतिहासाच्या तासास हाच प्रश्न कोणी विचारील तर आम्हांस मोठा आनंद होईल.

'विकी' म्हणजे हवाई बेटांच्या भाषेंत 'जलद'. वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं होनोलुलू विमानतळावरील बसगाडीचें हें नांव आपल्या संकेतस्थळास दिलें. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, आणि त्याच्या कर्त्यांनीं शब्द मोठ्या मार्मिकपणें योजिले आहेत. सार्वजनिक चर्चेची जागा ती 'चावडी'. आधार न देतां केलेल्या विधानापुढें 'संदर्भ हवा'. आणि नवख्यानें लिहून पाहण्याची जागा ती 'धूळपाटी'. आमच्या आजोबांनीं जिच्यावर बोटानें अक्षरें गिरविलीं तीच ही. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या आवडत्या खेळांतील एकेक शब्द घेऊन त्याचा अर्थ तेथें शुद्ध मराठींत लिहून पाहावा, व घरीं आजीस वाचून दाखवावा. तिनें 'म्हणजे काय रे?' असें विचारलें, तर पुसून पुन्हां लिहावा. धूळपाटी पुसण्यास कोणाची आज्ञा लागत नाहीं.