संगमाची वाट आणि गांवची पाणंद

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत आठवडाभर राबणारा मनुष्य सुटीच्या दिवशीं पहांटे सायकलीवर बसून नदीकांठच्या गांवांकडे निघतो, ही गोष्ट आतां आपल्या भागांत नवी राहिलेली नाहीं. कोणी आळंदीपर्यंत येऊन परततो, कोणी तेथून पुढें इंद्रायणीच्या कांठानें तुळापुरास जातो, कोणी सायकल वडाखालीं टेकवून शिवारांतून पायीं हिंडतो. या लोकांकडे आपण शेतकऱ्यांनीं कोणत्या दृष्टीनें पाहावें, याविषयीं गांवोगांवीं दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, या हौशी मंडळींस आपल्या शेतांत काय काम? वाटेवर कांट्या घाला म्हणजे झालें. दुसरा म्हणतो, शहरचा पैसा आपण होऊन दारीं येत आहे, तर नदीकांठची जमीन त्यांस देऊन मोकळे व्हा. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष मूळ प्रश्नास बगल देतात. मूळ प्रश्न पाहुण्याचा नसून पाणंदीचा आहे. ज्या वाटेनें पाहुणा संगमावर येतो, त्याच वाटेनें आपला ऊंस व कांदा बाहेर पडतो. ती वाट बुजली तर पाहुण्याचा एक रविवार बुडतो. शेतकऱ्याचें मात्र पीक शेतांत अडकतें.

कोंकणांत नदीचें मुख म्हणजे खाडी, आणि खाडीकांठचें गांव पाहण्यास लोक दुरून जातात. देशावरील आपल्या नद्यांस समुद्र जवळ नाहीं; त्यांचें मुख म्हणजे संगम. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावते, देहू व आळंदी या दोन क्षेत्रांवरून वाहत येते आणि तुळापूर येथें भीमेस मिळते. हीच भीमा पुढें पंढरपुरीं चंद्रभागा होते. संगमावर संगमेश्वराचें देवालय आहे. मुरार जगदेवानें येथें हत्तीची तुला केली व त्यावरून गांवास तुळापूर हें नांव पडलें, असें सांगतात. हत्ती नावेंत उभा करून पाणी कोठवर चढतें याची खूण करावयाची, मग ती खूण बुडेपर्यंत नावेंत धोंडे भरावयाचे आणि त्या धोंड्यांचें वजन करावयाचें, ही युक्ति शहाजीराजांची असेंही परंपरा सांगते. छत्रपति संभाजीमहाराजांचा ११ मार्च १६८९ रोजीं औरंगजेबाच्या आज्ञेनें वध झाला तो याच परिसरांत. तुळापूर व जवळचें वढू बुद्रुक या दोन्ही गांवीं लोक त्यांच्या स्मृतीपुढें मस्तक नमविण्यास येतात. अशा ठिकाणीं माणसें येऊं नयेत असें कोणी म्हटलें तरी तीं येणारच. तीं कोणत्या रीतीनें यावीं, एवढेंच आपल्या हातीं आहे.

आळंदीहून चऱ्होली खुर्द, धानोरे, सोळू, मरकळ असें येऊन पूल ओलांडला कीं तुळापूर लागतें. सायकलीस हें तास-दीड तासाचें काम आहे. मोटारींतून जाणाऱ्यास या वाटेंत धूळ व कारखान्यांचीं कुंपणें यांपलीकडे फारसें दिसत नाहीं. सायकलीच्या गतीनें जाणाऱ्यास कांद्याचे वाफे दिसतात, ऊंसाला पाणी सुटल्याचा गारवा लागतो, काळी जमीन कोठें संपते व मुरूम कोठें लागतो हें समजतें. पायीं चालणाऱ्यास त्याहून अधिक कळतें. आपल्या लोकांस हें कोणी शिकवावयास नको. ज्येष्ठ वद्य अष्टमीस ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि लक्षावधि माणसें आषाढी एकादशीसाठीं पंढरपुरापर्यंत चालत जातात. वारकऱ्यास वाटेवरच्या प्रत्येक गांवचें पाणी व पाऊसमान ठाऊक असतें, कारण तो तेथें थांबतो, बसतो व बोलतो.

आणि चालणाऱ्यास नदीचें दुखणेंही दिसतें. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर इंद्रायणीच्या पाण्यास पांढरा फेस आल्याचें वारंवार पाहण्यांत आलें आहे. उन्हाळ्यांत जलपर्णीनें पात्र झांकून जातें. शहराचें व कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध न होतां नदींत उतरतें, त्याचें हें फळ. हें पाणी ज्याच्या मोटारपंपास येतें तो शेतकरी तक्रार करतो, पण त्याचा आवाज शहरांत पोंचत नाहीं. उलट, ज्यानें स्वतःच्या नाकानें त्या पाण्याचा वास घेतला असा शहरवासी घरीं परत जाऊन बोलूं लागला, तर तो आपला साक्षीदार होतो. कारण तें पाणी ज्या नळांतून येतें त्या नळाचा कर भरणारा तोच आहे. सायकलीवरचा पाहुणा हा अशा रीतीनें आपल्या बाजूचा मनुष्य होऊं शकतो. वाटेवर कांट्या घालून आपण तो गमावतों.

आतां शेतकऱ्याची तक्रार खोटी आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. हरभऱ्याचे डहाळे उपटणें, उभ्या पिकांतून छायाचित्रांसाठीं शिरणें, बांधावर बाटल्या फोडणें, हे प्रकार घडतात. फुटकी कांच चिखलांत रुतली म्हणजे ती प्रथम अनवाणी मजुराच्या किंवा बैलाच्या पायांत जाते. असें करणाऱ्यास पाहुणा म्हणतां येत नाहीं, व त्यास दंड करण्याचा ठराव ग्रामसभेनें अवश्य करावा. परंतु चार जणांच्या उपद्रवासाठीं सर्वांची वाट बंद करणें म्हणजे उंदरांसाठीं कणगी जाळणें होय.

गर्दीची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. मावळ तालुक्यांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजीं, रविवारीं, पाहण्यास आलेल्या लोकांच्या गर्दीखालीं कोसळला आणि चार जणांस प्राणांस मुकावें लागलें. हा पूल मुळांत शेतकऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठीं बांधलेला. शेतकऱ्याचा पूल जीर्ण झाला असतां तो वेळेवर बदलला जात नाहीं, आणि त्याच पुलावर एके दिवशीं शेंकडों माणसें लोटतात, असा हा प्रसंग होता. यावरून माणसें येऊंच नयेत असा धडा घ्यावयाचा नाहीं. शेतकऱ्याच्या वाटेची व पुलाची हेळसांड ही शेवटीं सर्वांच्या जिवावर बेतते, हा त्यांतील धडा आहे.

पाणंदी कशा नाहींशा होतात हें प्रत्येक गांवास माहीत आहे. पाणंदीकडेचा खातेदार दर नांगरटीस एक तास पुढें सरकतो. दहा वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते, मग कोणी तारेचें कुंपण घालतो आणि पायवाटही जाते. जेथून बैलगाडी सुखानें जात असे, तेथून आज ट्रॅक्टर जाऊं शकत नाहीं; ऊंस डोक्यावर वाहून रस्त्यास आणावा लागतो. चाकणच्या औद्योगिक वसाहतीनें जमिनीस गुंठ्याचा भाव आणल्यापासून हा लोभ फार वाढला आहे. नदीकांठ विकून मोकळे होऊं म्हणणाऱ्यांनीं चिखलीचें उदाहरण लक्षांत ठेवावें. तेथें इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आंत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्यें पाडण्यांत आले. नदी आपली हद्द विसरत नाहीं, आणि शेवटीं कायद्यासही ती आठवते.

वाट राखण्यास कायद्याचें साह्य आहे, पण तें वेळेवर मागितलें पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४३ अन्वयें आपल्या शेतांत जाण्यासाठीं दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळावी असा अर्ज तहसीलदाराकडे करतां येतो. वहिवाटीची वाट कोणी अडविली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, याच्या कलम ५ चा आधार आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल व्हावा लागतो. आपल्याकडे हे सहा महिने बहुधा पारावरच्या भांडणांत जातात, आणि कचेरीची आठवण होते तेव्हां मुदत टळलेली असते. शेत-पाणंद रस्त्यांसाठीं शासनानें २०२१ सालीं मातोश्रींच्या नांवानें योजना काढली. २०२५ सालीं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करण्याचा निर्णयही झाला. ही नोंद करून घेणें हें प्रत्येक खातेदाराचें काम आहे. कागदावर नसलेली वाट ही शेजाऱ्याच्या चांगुलपणावर चालते, आणि शेजारी बदलला कीं वाट बदलते.

इंग्लंडांत १९४९ च्या कायद्यानें, शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांची पाहणी करून त्यांचा अधिकृत नकाशा तयार करण्याचें काम प्रत्येक परगण्याच्या मंडळावर सोंपविलें. त्यामुळें तेथें पायीं हिंडणारा मनुष्य उभ्या शेतांमधून जातो, पण वाट सोडीत नाहीं; आणि शेतकरीही त्यास अडवीत नाहीं, कारण शेत आपलें व वाट सर्वांची हें दोघांसही नकाशावरून ठाऊक असतें. आपल्या गांवनकाशावर गाडीवाटा व शिवरस्ते पूर्वींपासून दाखविलेले आहेत. आपणांस नवें कांहीं निर्माण करावयाचें नसून जें कागदावर आहे तें जमिनीवर पुन्हां आणावयाचें आहे.

म्हणून आळंदीपासून तुळापुरापर्यंतच्या गांवांस आमची सूचना अशी आहे. प्रथम, सुगी आटोपल्यावर व पावसाळ्यापूर्वीं ग्रामसभेनें गांवनकाशा हातीं घेऊन आपल्या पाणंदी मोजाव्यात, खुणेचे दगड रोवावेत आणि नोंदी पुऱ्या कराव्यात. दुसरें, ज्या पाणंदी नदीकडे जातात त्यांच्या तोंडाशीं, वाट कोठें जाते, पिकांत शिरूं नये, कचरा परत न्यावा, इतका मजकूर लिहिलेली एक पाटी लावावी. तिसरें, घाटावरचें पाणी किती खोल आहे व पावसाळ्यांत तें केव्हां चढतें हें गांवच्या माणसास जसें कळतें तसें पाहुण्यास कळत नाहीं. तेव्हां धोक्याच्या जागीं तशी खूण असावी, आणि जीर्ण साकव किंवा पूल असल्यास तो सर्वांसच बंद करून नव्याचा तगादा लावावा. चौथें, पाहुण्यापासून मिळकत करावयाची तर ती जमीन विकून करूं नये. पिठलें-भाकरी, ताजी भाजी, घरचे कांदे, मावळांतला इंद्रायणी तांदूळ हीं विकण्याजोगीं आहेत. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं आलेल्या त्या वाणास आपल्या नदीचें नांव आहे, हें किती सायकलवाल्यांस ठाऊक असेल? तें सांगणारा शेतकरी वाटेवर भेटला, तर ते पुढच्या खेपेस तांदूळ न्यावयास पिशवी घेऊन येतील.

यांतील पहिल्या गोष्टीवांचून बाकीच्या तिन्ही व्यर्थ आहेत. सुगी संपत आली कीं पुढील नांगरटीस महिन्या-दोन महिन्यांचा अवधि राहतो. त्या अवधींत दगड रोवले गेले, तर यंदाचें नांगराचें तास पाणंदींत शिरणार नाहीं. कामास कोणी एका गांवानें आरंभ करावा. शेजारचीं गांवें पाहून करतील.