आणि आमची मान खाली गेली

काही वर्षांपूर्वीची, जूनअखेरची गोष्ट. रविवारी आम्ही रायपूरच्या महादेव घाटावर गेलो होतो. ह्यांना गळाने मासे पकडण्याचा भारी नाद. फिरकीची नवी काठी मोठ्या हौसेने घेतलेली. खारून नदीचे पाणी पावसाने गढूळ झाले होते. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी लावून ह्यांनी गळ टाकला.

दोन तासांनी दोरी ताणली गेली. ह्यांनी घाई केली नाही. मासा ओढेल तशी दोरी सोडत, सैल पडताच गुंडाळत त्यांनी चांगला दोन किलोचा रोहू काठाला आणला. मी आनंदाने म्हटले, "आज रश्श्याची सोय झाली!"

जवळच एक म्हातारा केवट जाळे सांधत बसला होता. तो म्हणाला, "बाई, मादी आहे ही. पोट अंड्यांनी भरलंय. 16 जून ते 15 ऑगस्ट नदीत मासेमारीला बंदी असते. आमचं पोटच यावर, तरी हे दोन महिने आम्ही जाळं टाकत नाही, मजुरीला जातो."

आम्ही खजील झालो. ज्याची चूल मासळीवर पेटते तो नियम पाळत होता आणि आम्ही निव्वळ हौसेखातर मोडत होतो. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, असे त्यानेच सांगितले. ह्यांनी हात ओले करून अलगद गळ काढला. क्षणभर पाण्यात धरताच मादीने शेपटी मारली आणि ती दिसेनाशी झाली.

आता दर पावसाळ्यात काठी माळ्यावर जाते, ती 15 ऑगस्टनंतरच खाली उतरते.

— एक वाचिका, रायपूर