चुकारा परत घेणारा बाजार

माल द्यावा, पैसे घ्यावेत आणि व्यवहार संपला असे समजावे, ही बाजाराची जुनी रीत. ऑनलाइन विक्रीने ती मोडली आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हळदीचे पाकीट मुंबईच्या ग्राहकाने मोबाइलवरून मागवावे, यात आता नवल उरलेले नाही. पण किंमत विक्रेत्याच्या खात्यात जमा झाली म्हणजे विक्री पूर्ण झाली, असे मात्र म्हणता येत नाही. ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली, तर तीच रक्कम दोन-तीन महिन्यांनंतरही परत वळती होऊ शकते. या उलट वसुलीला ‘चार्जबॅक’ असे नाव आहे.

माल पोहोचला नाही, वर्णनाप्रमाणे नव्हता, किंवा कार्ड आपण वापरलेच नाही, अशी ग्राहकाची तक्रार असते. आंतरराष्ट्रीय कार्ड-कंपन्यांच्या नियमांनुसार पुष्कळ प्रकारच्या तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते. विक्रेत्याला मात्र पुरावा सादर करण्यासाठी थोडेच दिवस मिळतात. तोवर रक्कम त्याच्या पुढच्या हिशेबातून वजा झालेली असते. आधी शिक्षा आणि मग सुनावणी, असा हा न्याय आहे.

ग्राहकाचे संरक्षण अनावश्यक आहे, असे कोणी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत देणाऱ्या खातेदाराला नुकसानीतून पूर्णपणे मुक्त केले. ही तरतूद मोलाची आहे आणि तिला हात लावण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, ग्राहकाच्या खांद्यावरून उतरलेला बोजा कोणाच्या खांद्यावर गेला?

समजा, हळदीचे एक पाकीट ४०० रुपयांना विकले गेले. कच्चा माल, दळण, वेष्टन, टपाल आणि दलाली मिळून खर्च ३४० रुपये. गटाला सुटले ६०. रक्कम परत गेली आणि हळदही गेली, तर हे ३४० रुपये भरून काढण्यासाठी आणखी सहा पाकिटे विकावी लागतात, आणि त्या सहांतून गटाच्या हाती जवळजवळ काहीच राहत नाही. तक्रार हाताळण्याचे शुल्क आकारले गेले, तर ते वेगळेच. मोठी कंपनी असे नुकसान हजारो व्यवहारांवर पसरवते. दहा बायकांच्या बचतगटाला ते पसरविण्यासाठी जागाच नसते. ज्याने विक्री रोखीने केली असे मानले, तो प्रत्यक्षात चार महिन्यांची उधारी देत असतो, आणि तीही स्वतःच्या संमतीवाचून व व्याजावाचून.

येथील कापूस उत्पादकाला हा अनुभव सर्वस्वी नवा वाटू नये. पूर्वी भाव ठरायचा, गाडी जिनात रिकामी व्हायची आणि मग ओलावा, कचरा, कवडी यांच्या नावाने कपात सांगितली जायची. कापूस ढिगात मिसळल्यावर वाद घालण्याचे बळ कोणाला उरणार? उघडा लिलाव, अधिकृत वजन आणि तातडीने चुकारा ही बंधने बाजार समित्यांच्या कायद्याने आणली. त्यांची अंमलबजावणी किती झाली, हा निराळा विषय. पण दाद मागण्यासाठी निदान एक दार तरी होते.

नव्या बाजारात हे दार सापडत नाही. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांच्या पलीकडे थकलेल्या रकमेवर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज ठरविले; पण ते देणे खरेदीदाराचे. पैसे हाताळणारा मध्यस्थ आपण खरेदीदार नाही असे म्हणून बाजूला होतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात, फसलेल्या व्यवहाराची रक्कम मुदतीत परत न झाल्यास ग्राहकाला प्रतिदिनी १०० रुपये भरपाई आहे. वादात पैसे अडकलेल्या विक्रेत्यासाठी तशी तरतूद त्यात नाही.

आणखी एक बाब ध्यानी घेतली पाहिजे. भारतीय कार्डांवरील ऑनलाइन व्यवहाराला २००९ पासून पडताळणीची दुसरी पायरी सक्तीची झाली, त्यामुळे ‘कार्ड मी वापरलेच नाही’ या तक्रारीचा धोका पुष्कळ अंशी आवरला गेला. परदेशी कार्डाला हे बंधन नाही. परदेशातील मराठी कुटुंबाने सेवाग्रामची खादी मागविली की गटाला अभिमान वाटतो, पण जोखीम सर्वांत अधिक तेथेच असते.

मागण्या करावयाच्या त्या या विषमतेवर बोट ठेवूनच कराव्या लागतील. पोच सिद्ध झालेल्या छोट्या विक्रेत्याची रक्कम निर्णयापूर्वी कापू नये. वादात तो खरा ठरल्यास शुल्क परत मिळावे. तक्रार व उत्तर मराठीत देता यावे. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जे. सी. कुमारप्पांनी ग्राहकाच्या कर्तव्याचाही विचार मांडला होता. आजच्या नियमावलीत ग्राहकाला हक्क आहेत, मध्यस्थाला दलाली आहे आणि उरलेली कर्तव्ये विक्रेत्याकडे आहेत.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना गटांच्या बैठकीत बसून काही साधी कामे करता येतील. प्रत्येक पार्सलाची पावती, वजनाचे छायाचित्र आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार पाच महिने जपून ठेवण्याची सवय लावावी. तक्रारीची सूचना इंग्रजीत येते. ती आलेल्या दिवशीच वाचून सांगणारा एक जण प्रत्येक गावात असावा. आणि जमाखर्चाच्या वहीत ‘जमा’ या रकान्याशेजारी ‘पक्की जमा’ असा दुसरा रकाना आखून, कार्डाने आलेली रक्कम चार महिने उलटल्यावरच त्यात उतरवावी.