उंबरठ्याआडची पूर्वसूचना

अमेरिकेत चर्चमध्ये, शाळेत वा बाजारात कुणी बंदूकधारी अंदाधुंद गोळीबार करतो, तेव्हा चर्चा बहुधा त्याच्या मनःस्थितीभोवती वा विचारसरणीभोवती फिरत राहते. त्याने यापूर्वी घरच्यांवर हात उगारला होता काय, हा प्रश्न मागेच पडतो. संशोधकांना मात्र तोच कळीचा वाटतो. २०१४ ते २०१९ या काळात चार वा अधिक बळी घेणाऱ्या गोळीबारांचा एक अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ११० घटनांपैकी ५९ टक्के घटनांत बळींमध्ये हल्लेखोराचा जोडीदार वा कुटुंबीय होते. त्याचा कौटुंबिक हिंसेचा पूर्वेतिहासही जमेस धरला, तर हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाते.

अर्थात, आकडेवारीचा उलटा अर्थ काढता येणार नाही. पत्नीला मारहाण करणारे बहुसंख्य पुरुष सामूहिक हत्याकांड करत नाहीत. त्यामुळे भावी हल्लेखोर नेमका हुडकून काढणे अशक्यच. पण हिंसेचा दाखला असलेल्या हातात बंदूक पडू न देणे शक्य आहे.

अमेरिकेत १९९६पासून तसा कायदा आहे. तो कुठे तोकडा पडतो, हे टेक्सासमधील सदरलंड स्प्रिंग्ज येथे नोव्हेंबर २०१७मध्ये दिसले. तेथील चर्चमधील गोळीबारात गर्भातील बाळासह २६ बळी गेले. हल्लेखोराच्या सासूचे त्या चर्चमध्ये जाणे-येणे होते; मृतांत त्याच्या पत्नीची आजी होती. हवाई दलात असताना पहिली पत्नी व तिच्या तान्ह्या मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली होती. परंतु हवाई दलाने ही नोंद एफबीआयकडे पाठवलीच नाही आणि तो दुकानातून राजरोस बंदुका घेत राहिला. २०२१मध्ये संघराज्य न्यायालयाने या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली.

कॅनडातही वेगळे घडले नाही. नोव्हा स्कोशियातील २०२०च्या हत्याकांडात २२ जण मारले गेले. त्याची सुरुवात हल्लेखोराने आपल्या जोडीदारावर केलेल्या हल्ल्याने झाली होती.

कौटुंबिक हिंसेबद्दल प्रतिबंधात्मक आदेश असलेल्यांना बंदूक बाळगण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवला. तथापि, पीडितेची तक्रार ‘घरगुती भांडण’ म्हणून बासनात गेली, तर आदेश निघणार कसा? आणि निघालेला आदेश बंदूक विकणाऱ्या दुकानापर्यंत पोहोचलाच नाही, तर त्याचा उपयोग काय? कायद्याइतकीच निकड आहे ती त्या पहिल्या तक्रारीची दखल घेण्याची.